ताजी प्रत कीं शिळी?

सायखेडा हें गोदावरीच्या कांठचें बाजाराचें गांव. कांद्याच्या हंगामांत येथील उपबाजाराच्या आवारांत ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, आणि राज्यांतील बाजारभावांच्या यादींत ‘पिंपळगाव (ब) - सायखेडा’ अशी एक ओळ उमटते. तिच्याच मागें-पुढें लासलगांव, निफाड, विंचूर यांच्या ओळी असतात. शेतकरी सायंकाळीं हातांतील फोनवर ती यादी उघडतो, चार-पांच भाव ताडून पाहतो आणि उद्यां गाडी कोणत्या आवाराकडे न्यावयाची तें ठरवितो. ही ओळ फोनवर कोठून आली, असें विचारलें तर ‘इंटरनेटवरून’ असें म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. ‘पाणी नळांतून येतें’ ह्या उत्तराइतकेंच हें उत्तर खरें आहे. धरण, कालवा, टांकी यांचा त्यांत पत्ताच नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या मधल्या टांक्यांविषयीं, व त्यांतील पाणी ताजें आहे कीं शिळें हें दूर बसलेला माणूस कसें ओळखतो त्याविषयीं, थोडेंसें लिहावयाचें आहे.

फोनवर दिसणारी वस्तु पुष्कळदां मूळ वस्तु नसून तिची प्रत असते. मूळ लेख एके ठिकाणीं, आणि तो वाचणारे लाखों. दहावीच्या निकालाच्या दिवशीं सारा महाराष्ट्र एकाच वेळीं एकच पान उघडूं पाहतो. तो सारा भार एकाच यंत्रावर पडला तर तें यंत्र खालीं बसेल. म्हणून अशा लेखाच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणच्या सर्व्हरांवर ठेवितात व ज्याला जी जवळ पडेल ती देतात. प्रतींच्या ह्या सांठ्यास ‘कॅश’ असें नांव आहे. कानाला तें रोकडीसारखें लागतें, परंतु रोकडीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. लपवून ठेवणें ह्या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून तो शब्द निघाला आहे. प्रत जवळ असल्यामुळें काम झटकन होतें हा लाभ, आणि मूळ बदललें तरी प्रत जुनीच राहूं शकते ही त्या लाभाची किंमत. कालचा भाव आजचा म्हणून वाचला, तर एका गाडीभाड्याचा भुर्दंड बसतो. परंतु इंटरनेटवर आणखी एक प्रत आहे, ती आपणांस कधींच दिसत नाहीं, आणि ती शिळी झाली तर भुर्दंड एकट्याचा राहत नाहीं. ती प्रत राऊटर नांवाच्या यंत्राजवळ असते.

राऊटर म्हणजे वाटाड्या. इंटरनेट हें एकच अखंड जाळें आहे असा समज असतो. तें खरें पाहतां सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळ्यांचें एकत्र नांदणारें कुटुंब आहे. प्रत्येक जाळ्यास एक क्रमांक असतो व त्याच्या वाट्यास आलेले कांहीं पत्ते असतात. ‘अमुक पत्ते माझ्या घरीं राहतात, त्यांचें टपाल इकडे द्या,’ असें प्रत्येक जाळें शेजाऱ्यास सांगतें, शेजारी त्याच्या शेजाऱ्यास सांगतो, आणि थोड्याच अवधींत ती वार्ता जगभर होते. वार्ता देण्याची ही रीत बी. जी. पी. ह्या नांवानें १९८९ सालीं प्रथम लिहून ठेवण्यांत आली. त्या काळीं जाळीं थोडीं होतीं व चालविणारे एकमेकांच्या ओळखीचे होते. खोटा दावा कोणी करील अशी कल्पनाहि कोणास नव्हती. म्हणून दावा तपासण्याची सोय तींत ठेविलेली नाहीं. निफाडच्या टपालकचेरीनें उद्यां उठून ‘सायखेड्याचें सर्व टपाल आमच्याकडे पाठवा’ असें पत्रक काढावें आणि नाशिकनें तें निमूटपणें मानावें, असाच हा प्रकार आहे.

असा प्रकार प्रत्यक्ष घडला आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तान टेलिकॉम ह्या संस्थेनें आपल्या देशापुरतें यूट्यूब बंद करण्याच्या हेतूनें यूट्यूबचे कांहीं पत्ते आपलेच आहेत असें जाहीर केलें, आणि ती घोषणा शेजारच्या एका कंपनीमार्फत देशाबाहेर गेली. यूट्यूबचा खरा दावा १,०२४ पत्त्यांच्या गटावर होता. पाकिस्तानचा खोटा दावा त्यांतीलच २५६ पत्त्यांवर. राऊटराचा नियम असा कीं, दोन दाव्यांपैकीं अधिक नेमका दावा मान्य करावयाचा. केवळ तालुका लिहिलेल्या पत्त्यापेक्षां गांव लिहिलेला पत्ता टपालवाला पसंत करतो तसेंच हें. त्यामुळें जगांतील पुष्कळशा भागांतून यूट्यूबकडे जाणारे लोक सुमारें दोन तास भलत्याच दारावर जाऊन उभे राहिले. आपल्या देशांतहि याहून मोठी चूक झाली. १६ एप्रिल २०२१ रोजीं व्होडाफोन आयडिया ह्या कंपनीच्या एका जाळ्यानें तीस हजारांहून अधिक परक्या पत्तागटांवर आपला हक्क असल्याचें चुकून जाहीर केलें. ह्या कंपनीचे ग्राहक आपल्या जिल्ह्यांतहि आहेत. दोन्ही प्रसंगीं यंत्र बिघडलें नव्हतें. यंत्रांनीं सांगितल्याप्रमाणें तंतोतंत काम केलें. सांगणेंच चुकीचें होतें.

ह्यावर काढलेला उपाय शेतकऱ्याच्या घरांतील मुलांस समजावून सांगणें कठिण नाहीं. गट-नंबर कोणाचा, असा वाद पडला कीं आपण सातबारा पाहतों. पत्त्यांचाहि असाच एक सातबारा आहे. हा पत्तागट कोणाचा, तो किती बारीक तुकड्यांनीं जाहीर करण्याची मुभा आहे, आणि कोणत्या क्रमांकाच्या जाळ्यानें तो जाहीर करावा, एवढें त्यांत लिहिलेलें असतें, व मूळ धारकाची अंकीय सही त्यावर असते. ह्या सर्व व्यवस्थेस आर. पी. के. आय. म्हणतात. असे उतारे ठेवणाऱ्या जगांत पांच नोंदणी-संस्था आहेत. आपल्या बाजूची संस्था एपनिक ही ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं आहे, आणि तिच्या छत्राखालीं भारतापुरतें काम आयरिन ही कचेरी पाहते. ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ह्या २००३ सालीं स्थापन झालेल्या संस्थेचा भाग आहे.

आतां येथें कॅशचा संबंध येतो. जगांतील सर्व उतारे गोळा करणें व प्रत्येकावरील सही पडताळणें हें वेळखाऊ काम आहे, आणि राऊटरला क्षणाचीहि उसंत नसते. म्हणून हें काम शेजारच्या एका सर्व्हरकडे सोंपवितात. तो पांचहि संस्थांकडून उतारे आणतो, सह्या तपासतो, खोटे व मुदत संपलेले बाजूस काढतो आणि उरलेल्यांची एक स्वच्छ यादी तयार करतो. हीच ती कॅश. राऊटर ती यादी त्याच्याकडून घेतो, व पुढें कोणी पत्त्यांवर दावा सांगितला कीं यादीशीं ताडून त्याला ‘खरा’, ‘खोटा’ किंवा ‘नोंद नाहीं’ अशा तीन शिक्क्यांपैकीं एक मारतो. एक सर्व्हर बंद पडला तर अडचण नको म्हणून शहाणा चालक दोन सर्व्हर ठेवितो. म्हणजे मूळ नोंदणी-कचेऱ्यांत एक, दोन सर्व्हरांवर दोन, आणि राऊटराच्या स्मृतींत आणखी एक, इतक्या प्रती झाल्या. ह्या सर्वांचा मेळ कसा राहतो?

प्रतींचा मेळ घालण्याचा प्रश्न जुना आहे. १९९८ सालीं सर्व्हरांच्या कॅशांचा मेळ घालण्यासाठीं एक नियमावली प्रसिद्ध झाली होती. ती आतां फारशी वापरांत नाहीं, परंतु तींतील युक्ति सुंदर आहे. दोन सर्व्हर प्रथम एकमेकांस नुसता नमस्कार करीत. पलीकडचा जागा आहे आणि आपलेंहि त्याला ऐकूं जातें, इतकें ठरलें कीं पुढाकार कोणी घ्यावयाचा तें ठरे. मग दोघेहि आपआपल्या नोंदींचा केवळ गोषवारा देत, म्हणजे नोंदीचें नांव आणि ती कितव्या वेळीं बदलली तो आंकडा. गोषवारा वाचून जी नोंद आपल्याजवळ नाहीं किंवा जुनी आहे तेवढीच मागून घ्यावयाची. मागण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणजे ‘मेळ झाला’ असें समजावें. संपूर्ण वही उतरवून घेण्याचे श्रम वांचविण्याची ही कला कोणत्याहि कारकुनास पटेल.

राऊटर आणि त्याची कॅश यांच्यामधील संभाषणाचे नियम २०१३ सालीं ठरले व २०१७ सालीं सुधारले गेले. त्यांत हीच कला अधिक सोपी केली आहे. यादींत कांहीं बदल झाला कीं सर्व्हर आपला अनुक्रमांक एकानें वाढवितो आणि राऊटरला ‘नवें कांहीं आलें आहे’ एवढीच वर्दी देतो. राऊटर विचारतो, ‘माझ्याजवळ अमुक अनुक्रमांकापर्यंतचें आहे, पुढचें द्या.’ मग सर्व्हर त्यानंतर वाढलेल्या व कमी झालेल्या नोंदी तेवढ्या पाठवितो आणि शेवटीं ‘समाप्त, आतांचा अनुक्रमांक हा’ असें कळवितो. इतक्या मागचा हिशेब सर्व्हरजवळ राहिला नसेल तर तो तसें स्पष्ट सांगतो, आणि राऊटर सर्व यादी पहिल्यापासून घेतो. अनुक्रमांकाबरोबर आणखी एक आंकडा असतो, तो बैठकीचा. सर्व्हर नव्यानें सुरू होऊन त्याची वही पहिल्यापासून लागली कीं हा आंकडा बदलतो, व जुना अनुक्रमांक निरर्थक होतो. वर्दी हरवलीच तर अडून राहावयास नको म्हणून घड्याळहि लाविलेलें आहे: नियमावलींत सुचविलेल्या वेळा अशा कीं, एक तासानें आपण होऊन विचारावें, उत्तर न आल्यास दहा मिनिटांनीं पुन्हां विचारावें, आणि दोन तास कांहींच ताजें आलें नाहीं तर जवळची यादी टाकून द्यावी.

पालकवर्गांपैकीं कित्येकांचे मुलगे व मुली पुण्या-मुंबईकडे अशा जाळ्यांवर देखरेख ठेवण्याचें काम रात्रपाळीनें करीत असतील. ‘काळ्या पडद्यावरचीं अक्षरें पाहत बसतो,’ एवढेंच त्या कामाचें वर्णन घरीं पोहोंचतें. तो काळा पडदा म्हणजे राऊटरची कमांड लाइन. तेथें चित्रें नाहींत, बटणें नाहींत. रोमन लिपींत एक आज्ञा टंकावयाची आणि राऊटर चार ओळींत उत्तर देतो. सिस्को कंपनीच्या राऊटरवर ‘शो आय-पी बी-जी-पी आर-पी-के-आय सर्व्हर्स’ अशी आज्ञा आहे. ज्युनिपर कंपनीच्या राऊटरवर ‘शो व्हॅलिडेशन सेशन’ असें टंकतात, आणि त्यापुढें ‘डिटेल’ हा शब्द जोडला कीं उत्तर सविस्तर येतें. ‘शो’ ह्या शब्दानें आरंभ होणारी आज्ञा नुसती दाखविते, बदलीत कांहींच नाहीं. तेव्हां नवशिक्यानें ती देण्यास भ्यावयाचें कारण नाहीं.

उत्तरांत काय असतें? सर्व्हराचा पत्ता, जोडणी चालू आहे कीं तुटली आहे, किती वेळ चालू आहे, अनुक्रमांक, शेवटचा निरोप किती वेळापूर्वीं आला, आणि यादींत नोंदी किती. नवखा मनुष्य दुसऱ्याच रकान्यांत ‘अप’ हा शब्द वाचतो आणि समाधान पावतो. खरी चूक होते ती येथें. जोडणी चालू असणें म्हणजे मेळ असणें नव्हे. फोन लागलेला आहे, पण पलीकडचा मनुष्य डोळे मिटून कालचेंच वर्तमानपत्र वाचून दाखवीत आहे, अशी स्थिति असूं शकते. सर्व्हरावरील कार्यक्रम जिवंत असतो, राऊटरशीं त्याचें बोलणें नीट चाललेलें असतें. परंतु त्याची स्वतःची नोंदणी-कचेऱ्यांकडे जाणारी वाट बंद झालेली असते. कधीं डिस्क भरलेली असते, कधीं मधल्या पाहाऱ्यानें वाट अडविलेली असते, कधीं घड्याळ चुकलेलें असतें. राऊटरला ह्यांतलें कांहींच कळत नाहीं.

म्हणून जाणता मनुष्य ‘अप’वरून नजर पुढें नेतो व अनुक्रमांक कागदावर टिपून ठेवितो. तासाभरानें तीच आज्ञा पुन्हां देतो. जगांत कोठें ना कोठें कोणी तरी नोंद घालीत किंवा काढीत असतोच. तेव्हां निरोगी सर्व्हराचा अनुक्रमांक पुढें सरकलेला दिसला पाहिजे. तो सकाळपासून सायंकाळपर्यंत जागचा हलला नाहीं तर पलीकडे कांहीं तरी थिजलें आहे असें समजावें. अनुक्रमांक हलतो आहे, परंतु नोंदींची संख्या मात्र हळू हळू घसरत चालली आहे, असें दिसलें तर तें अधिक वाईट लक्षण आहे. सह्यांनाहि मुदत असते, आणि नवे उतारे न मिळाल्यामुळें जुने एकेक करून बाद होत असल्याची ती खूण असूं शकते. जोडणी वारंवार तुटून लागते काय, हेंहि एका रकान्यांत मोजलेलें असतें.

दोन सर्व्हर असले म्हणजे त्यांची तुलना करावी, हें सुचतें सर्वांस. पण तुलना कशाची करावयाची? पुष्कळ जण दोघांचे अनुक्रमांक शेजारीं-शेजारीं ठेवून पाहतात आणि एकाचा आंकडा चारशें व दुसऱ्याचा नऊशें पाहून घाबरतात. ही भीति व्यर्थ आहे. ग्रामपंचायतीच्या आवक-जावक वहींतील क्रमांक आणि शाळेच्या वहींतील क्रमांक यांची तुलना कोणी करीत नाहीं. ज्यानें त्यानें आपआपल्या वहीचा आरंभ आपल्या दिवशीं केलेला असतो. नियमावलींतहि हें स्पष्ट लिहिलें आहे कीं, एका कॅशचा अनुक्रमांक दुसऱ्या कॅशच्या अनुक्रमांकाशीं ताडण्याजोगा नाहीं. ताडावयाची ती नोंदींची संख्या. दोघे निरनिराळ्या घटकेस उतारे आणतात, त्यामुळें लाखों नोंदींत दहा-वीसांचा फरक राहिला तर तो नैसर्गिक समजावा, व थोड्या वेळानें पुन्हां पाहावें. हजारोंचा फरक पडला आणि तो तासन्‌तास तसाच राहिला, तर दोघांपैकीं एक मागें पडला आहे हें निश्चित. कोणता, तें त्याच्या स्वतःच्या अनुक्रमांकाच्या चालीवरून कळतें. शंका उरलीच तर यादीच उघडावी: ज्युनिपरवर ‘शो व्हॅलिडेशन डेटाबेस’, सिस्कोवर मघांच्याच आज्ञेंत ‘सर्व्हर्स’च्या जागीं ‘टेबल’. नोंद कोणत्या सर्व्हरानें दिली तेंहि तेथें लिहिलेलें असतें. आपल्या ओळखीचा एक पत्तागट शोधून तो दोघांकडूनहि आला आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी पुरे.

इतकी दक्षता कशासाठीं, असें वाचक विचारतील. कारण ह्या दोषाला आवाज नाहीं. दोन्ही सर्व्हर बंद पडून मुदत संपली कीं राऊटर आपली यादी टाकून देतो, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक दाव्यावर ‘नोंद नाहीं’ हाच शिक्का बसतो. नोंद नसलेले दावे राऊटर सहसा पूर्वीप्रमाणेंच स्वीकारतो; न स्वीकारील तर अर्धें जग तुटेल. म्हणजे पहारेकरी उठून गेला आणि दार उघडेंच राहिलें. ग्राहकांचे फोन चालतात, पानें उघडतात, तक्रार एकहि येत नाहीं. चोर येईपर्यंत पहारेकरी नसल्याचें कोणास कळत नाहीं. यादी शिळी असेल तर आणखी उलटा प्रकार होतो: ज्या जाळ्यानें आजच आपला पत्तागट रीतसर दुसऱ्या क्रमांकाखालीं नोंदविला, त्याचा खरा दावा जुन्या यादीवरून ‘खोटा’ ठरून फेंकला जातो.

सन २०१९ च्या ऑगस्टच्या आरंभीं गोदावरीला महापूर येऊन सायखेडा व चांदोरी या गांवांत पाणी शिरलें, हें येथील मुलांस सांगावयास नको. अशा वेळीं गंगापूर आणि दारणा धरणांतून किती पाणी सोडलें, हा आंकडा आज घरोघर फोनवरूनच पाहिला जातो, आणि त्यावरून गुरें सोडावयाचीं कीं नाहीं, धान्य माडीवर चढवावयाचें कीं नाहीं, तें ठरतें. नेमक्या अशा रात्रीं एखाद्या दूरच्या जाळ्यानें चुकून त्या पत्त्यांवर हक्क सांगितला, आणि आपल्या फोन-कंपनीच्या राऊटरजवळची यादी कित्येक तासांची शिळी असली, तर तें पान उघडणार नाहीं. आणि लोक दोष देतील तो पावसाला.

वरच्या वर्गांतील ज्या मुलांस संगणकाची गोडी आहे, त्यांस हें सर्व घरीं पाहतां येईल. लिनक्सवर चालणारा एफ. आर. आर. नांवाचा राऊटर-कार्यक्रम आणि नेदरलंड्समधील एन्‌एल्‌नेट लॅब्स ह्या संस्थेनें केलेला रूटिनेटर नांवाचा कॅश-सर्व्हर, हे दोन्ही विनामूल्य मिळतात व एकाच साध्या संगणकावर नांदतात. बाहेरच्या जगास कोणताहि दावा सांगावयाचा नाहीं, केवळ यादी घेऊन पाहावयाची, म्हणजे कोणास उपद्रव होत नाहीं. रूटिनेटर प्रथम सुरू केल्यावर उतारे आणण्यांत कांहीं मिनिटें जातात. तोंवर राऊटरला ‘शो आर-पी-के-आय प्रिफिक्स-टेबल’ असें विचारल्यास नोंदींची संख्या शून्यच दिसेल, त्यानें निराश होऊं नये. पुढें ती एकदम लाखांच्या घरांत जाते. ‘शो आर-पी-के-आय कॅश-कनेक्शन’ ही आज्ञा जोडणी लागली कीं नाहीं तेवढें सांगते. अनुक्रमांक मात्र रूटिनेटरच्या स्थितिपत्रकांत पाहावा लागतो, आणि शेवटची पडताळणी होऊन किती वेळ झाला, तोहि आंकडा तेथेंच असतो. दोहोंपैकीं हा दुसरा आंकडा आधीं वाचावा.